कुंडी कधी बदलावी, झाड कधी फोडावे?



"भाऊ, झाड कुंडीत मावत नाही. दोन करू काय जी?" हा प्रश्न मला वर्षभरात सर्वांत जास्त वेळा एप्रिल आणि मे महिन्यात विचारला जातो. आणि नागपुरात घरातल्या झाडाच्या मुळांना हात लावू नये असा काळ कोणता, तर नेमका हाच. विचारणाऱ्यांचा यात दोष नाही. परीक्षा संपलेल्या असतात, मुले घरी असतात, रंगरंगोटी निघते, कुंड्या इकडच्या तिकडे होतात. त्याच दिवसांत झाडही केविलवाणे दिसू लागते. पानांची टोके करपतात, सकाळी घातलेले पाणी दुपारपर्यंत कुठे गेले ते कळत नाही. मग घरातले कोणीतरी निकाल देऊन मोकळे होते, "कुंडी लहान पडली."

पडली असेलही. पण मे महिन्यातल्या झाडाचा चेहरा पाहून ते ठरवता येत नाही. कुंडी लहान पडली की नाही, हे मुळे पाहून ठरवायचे. आणि ते ठरल्यावर काम कोणत्या महिन्यात करायचे, हे आपल्या गावची हवा पाहून ठरवायचे. हे दोन वेगवेगळे निर्णय आहेत. लोक ते एकाच दिवशी, एकाच तासात घेतात आणि नंतर म्हणतात, "आमच्या हाताला झाड जगत नाही." हाताला काही झालेले नसते.

आपल्या घरांत आता जी झाडे दिसतात ती बहुतेक परदेशातून आलेली आहेत. रुंद हिरवी पाने आणि पांढरे फूल येणारी पीस लिली ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या पावसाळी जंगलांतली, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. तलवारीसारख्या उभ्या पानांचा स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतला. चकचकीत पानांची झेडझेड पूर्व आफ्रिकेतली. पांढऱ्या पट्ट्यांचा, गवतासारखा स्पायडर प्लांटही आफ्रिकेतलाच. यांना ऊब आवडते म्हणून आपण समजतो की नागपूर त्यांना मानवेल. पण ऊब निराळी आणि नागपूरचा मे निराळा. या शहराने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिले आहेत आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंशही. ज्या जंगलात पीस लिली जन्मली तिथे वर्षभर हवा दमट असते आणि तापमान फारसे हलत नाही. म्हणजे आपण या झाडाला वर्षातून दोनदा अशा परिस्थितीत ढकलतो, जी त्याच्या वाडवडिलांनी कधी पाहिली नाही. त्यातच मुळे तोडली तर त्याने काय करावे?

मी वाणिज्य शाखेचा माणूस, त्यामुळे मला हे जमाखर्चाच्या भाषेत लवकर समजले. मुळे म्हणजे जमा आणि पाने म्हणजे खर्च. मुळांच्या टोकाशी जे केसासारखे बारीक तंतू असतात, तेच मुख्यतः पाणी ओढून घेतात. मातीतून झाड उपटले, हलवले की ते तंतू आधी तुटतात. जाड मुळे शाबूत दिसतात म्हणून आपल्याला वाटते, काही नुकसान झाले नाही. इकडे पाने तेवढीच राहतात आणि त्यांचा खर्च चालूच असतो. मे महिन्यात नागपूरच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक वाळतो. तीच हवा पानातूनही पाणी ओढते. जमा बंद आणि खर्च दुप्पट, असा तो हिशेब. जुलैत हीच हवा इतकी ओलसर असते की टॉवेल दोन दिवस वाळत नाही. गृहिणींना त्याचा वैताग येतो, पण नुकत्याच फोडलेल्या झाडाला त्यासारखे औषध नाही. खर्च आपोआप आटोक्यात येतो आणि नवे तंतू फुटायला उसंत मिळते.

म्हणून नागपूरकरांनी लक्षात ठेवण्याचा काळ असा: जूनच्या मध्यावर पाऊस येतो, त्याचे दोन-तीन चांगले शिपके होऊन गेले, कूलर बंद झाला, की काम सुरू करावे. जूनचा शेवटचा आठवडा ते ऑगस्टअखेर हा उत्तम काळ. उशीर झालाच तर सप्टेंबरमध्येही चालते, कारण थंडी पडण्यापूर्वी मुळांना दोन महिने मिळतात. पण दिवाळीनंतर नाही. थंडीत ही झाडे वाढ जवळजवळ थांबवतात, जखम भरत नाही आणि ओल्या मातीत कापलेली मुळे सडतात.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बागकामाची इंग्रजी पुस्तके आणि हल्ली मोबाइलवर दिसणारे व्हिडिओ एकमुखाने सांगतात की कुंडी वसंत ऋतूत बदला. ते त्यांच्या देशापुरते खरे आहे. तिकडे वसंतानंतर सौम्य उन्हाळा येतो, झाडाला वाढीचे चार-पाच महिने मिळतात. आपल्याकडे वसंतानंतर काय येते ते सांगायला नको. फेब्रुवारीअखेर झाड फोडले तर नवी मुळे धरेपर्यंत एप्रिल उजाडतो. स्नेक प्लांट आणि झेडझेड हे जाड बुडख्यात पाणी साठवून ठेवणारे असल्यामुळे ते फेब्रुवारी-मार्चही सोसतात. पीस लिली, ऍग्लोनिमा, नेचे यांना ते झेपत नाही. पुस्तकातला महिना बघू नये, त्या महिन्यानंतर आपल्याकडे काय येणार ते बघावे.

आमच्या कॉलनीतल्या एका घरची गोष्ट सांगतो. त्या घरच्या आजी उन्हाळ्यात गेल्या. त्यांनी दहा-अकरा वर्षे सांभाळलेली पीस लिली सिमेंटच्या कुंडीत होती, अगदी गच्च भरलेली. पुण्यानुमोदनाला तिन्ही मुले जमली. एक पुण्याला असतो, एक इथेच नारी रोडकडे आणि धाकटा आईजवळ राहिलेला. भांडीकुंडी, कपाट यावरून काही झाले नाही, समजूतदार माणसे. पण आईचे झाड प्रत्येकाला हवे होते. धाकट्या सुनेने मला बोलावणे पाठवले. तारीख होती मे महिन्याची, ऊन असे की रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आम्ही कुंडी आडवी करून झाड थोडे बाहेर ओढून पाहिले. मुळे कुंडीच्या भिंतीला गोल गोल वेटोळे घालून बसली होती, माती नावालाच उरलेली. वरून पाहिले तर पाच-सहा फुटवे स्पष्ट वेगळे दिसत होते आणि मधला भाग जुना, पाने गळलेला. झाड फोडण्याची वेळ खरोखरच आली होती, किंबहुना दोन वर्षांपूर्वीच येऊन गेली होती. महिना तेवढा चुकीचा होता. मी म्हटले, जुलैपर्यंत थांबा. पुण्याचे भाऊ म्हणाले, "जुलैत मला रजा कोण देते?" हेही खोटे नव्हते. आजीचे झाड म्हणजे काही शासकीय फाइल नाही की पुढच्या तारखेला बघू.

शेवटी मार्ग असा काढला की कडेचा एकच फुटवा, जो जवळजवळ आपल्या मुळांवर उभा होता, तो संध्याकाळी मातीच्या गोळ्यासकट अलग करायचा आणि बाकीचे झाड हलवायचेच नाही. त्याची मोठी दोन पाने काढली, गोळा ओल्या फडक्यात आणि मग प्लास्टिकच्या पिशवीत बांधला. रात्रीच्या गाडीने तो पुण्याला गेला. पुण्याचा मे आपल्यापेक्षा सौम्य, रात्री गार. तिथे तो जगला. थोरल्यांना मात्र थांबणे पटले नाही. "एकाला देता, मला का नाही?" या हिशेबाने त्यांनीही त्याच रात्री आपला वाटा घेतला आणि घरी पश्चिमेच्या गॅलरीत ठेवला. आठ दिवसांत पाने लोळली. रोज दोनदा पाणी घातले, त्याने खालून कुजले. पावसाळा सुरू होईपर्यंत कुंडीत माती तेवढी उरली.

धाकट्या सुनेने उरलेले झाड कूलरच्या खोलीत, पण झोताबाहेर ठेवून जूनपर्यंत कसेबसे नेले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिने त्याचे तीन भाग केले. दोन स्वतःच्या घरी ठेवले आणि तिसरा, नवी पाने फुटल्यावर, भासऱ्यांच्या घरी नेऊन ठेवला. काही बोलली नाही. त्यांनीही काही विचारले नाही.

आता मुळे कशी पाहायची ते सांगतो, कारण सगळे त्यावर आहे. पाहण्याला हंगाम लागत नाही, फक्त हलक्या हाताने पाहावे आणि उन्हाळ्यात संध्याकाळी पाहावे. आदल्या दिवशी कुंडीला पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी एका हाताची बोटे खोडाभोवती पसरून माती धरावी, कुंडी उलटी करावी आणि कडा ओट्यावर हलकेच आपटावी. प्लास्टिकची कुंडी असेल तर बाहेरून चारी बाजूंनी दाबावी. झाड मातीच्या गोळ्यासकट सुटून येते. पाने धरून ओढू नये, ती हातात येतात आणि झाड जागेवर राहते.

गोळा बाहेर आला आणि माती भुसभुशीत होऊन खाली पडू लागली, तर कुंडी लहान नाही. आहे तसे परत ठेवावे आणि वर्षभर विसरून जावे. गोळ्यावर मुळांची विरळ जाळी दिसली, माती अजून दिसते आहे, तरीही घाई नाही. मुळेच मुळे दिसतात, गोळा कुंडीच्या आकाराचा घट्ट झाला आहे, पण मुळे पांढरी किंवा फिकट आणि टणक आहेत, तर झाडाला एक माप मोठी कुंडी द्यावी. आणि मुळे तपकिरी, लिबलिबीत, वास येणारी असतील तर तो सडण्याचा आजार आहे. त्याला मोठी कुंडी देणे म्हणजे अपचन झालेल्या माणसाला पंगतीत बसवणे. सडलेले कापून टाकावे आणि उलट लहान कुंडीत, कोरड्या मातीत लावावे. यासाठी मात्र पावसाची वाट पाहू नये. हे एकच काम असे आहे की ते मे महिन्यातही त्याच दिवशी करावे लागते.

मग फोडायचे कधी? मुळे गच्च झाली एवढ्यावरून फोडायची गरज नसते, तेव्हा फक्त कुंडी बदलावी. फोडण्याची खरी कारणे मला तीनच दिसतात. झाडाचा मधला भाग म्हातारा होऊन उघडा पडला आणि सगळी वाढ कडेला ढकलली गेली, हे पहिले. दुसरे, आणखी मोठी कुंडी घरात मावत नाही किंवा उचलवत नाही. दोन खोल्यांच्या घरात हे कारण अगदी खरे आहे, त्यात संकोच कसला? तिसरे, कोणाला तरी द्यायचे आहे. यांतले एकही कारण नसेल तर झाडाला एकत्र राहू द्यावे. पुष्कळ झाडांना दाटीवाटी आवडते. स्नेक प्लांट कुंडी फोडेपर्यंत सुखात असतो. प्लास्टिकची कुंडी फुगून वाकडी झालेली मी पाहिली आहे, झाड मस्त. पीस लिली थोडी दाटीत असली तरच फुलते असा पुष्कळांचा अनुभव आहे, फोडल्यावर तिला फुलायला वर्षही लागू शकते.

कुंडीला खरोखर कमतरता वाटते की नाही याची बाहेरून दिसणारी लक्षणेही असतात, पण ती पावसाळ्यात किंवा हिवाळ्याच्या सुरुवातीला तपासावीत. पाणी घालताच ते भोकातून लगेच बाहेर येते. दोन दिवस पुरणारे पाणी अर्ध्या दिवसात संपते. तळाच्या भोकातून मुळे बाहेर डोकावतात. झाड वर उचलले गेल्यासारखे दिसते. ही लक्षणे ऑगस्टमध्ये दिसली तर विश्वास ठेवावा. मे महिन्यात यांतली पहिली दोन प्रत्येक कुंडीत दिसतात.

पानांची टोके तपकिरी होणे याला तर मी लक्षणच मानत नाही. आपल्याकडे त्याची दोन कारणे नेहमीची आहेत, कोरडी हवा आणि बोअरिंगचे जड पाणी. कुंडीच्या काठावर पांढरा थर बसतो ना, तो पाण्यातला क्षार. कूलरच्या टाकीत खाली जो पांढरा गाळ राहतो तोच हा. काही भगिनी कूलरचे उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घालतात. काटकसर चांगली, पण ते पाणी आटून आटून खारट झालेले असते. ते अंगणातल्या मोठ्या झाडाला घालावे, घरातल्या कुंडीला नको. पावसाळ्यात एखादी दिवसभराची झड लागली की कुंडी दोन-तीन तास पावसात ठेवावी, साठलेला क्षार धुऊन निघतो. यानेच पुष्कळ झाडे सुधारतात आणि कुंडी बदलण्याचा विचार मागे पडतो.

फोडण्याचे काम अवघड नाही. गोळा बाहेर काढल्यावर बोटांनी माती सैल करावी, फार घट्ट असेल तर बादलीतल्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावी. फुटवे जिथे नैसर्गिकपणे वेगळे होतात ती जागा दिसते, तिथून हाताने ओढून वेगळे करावे. हाताने होत नसेल तरच सुरी. सुरी स्पिरिटने पुसून घ्यावी. प्रत्येक भागाला स्वतःची मुळे आणि निदान तीन-चार पाने असावीत. लोभाने एकाच्या आठ करू नयेत. एकाच्या दोन किंवा तीन केल्या तर सगळ्या जगतात, आठ केल्यात तर चार जगतात आणि त्याही वर्षभर रोडावलेल्या राहतात. पीस लिलीची फुले आणि बाहेरची जुनी पाने त्याच वेळी काढून टाकावीत, खर्च कमी होतो. स्नेक प्लांटचा जाड बुडखा कापला असेल तर तो भाग सावलीत एक-दोन दिवस उघडा ठेवून काप सुकू द्यावा, मगच लावावा आणि पाणी चार-पाच दिवसांनी द्यावे. पावसाळ्यात काप लवकर सुकत नाही, तेव्हा आणखी एक दिवस लागला तरी हरकत नाही.

स्नेक प्लांटविषयी एक उपयोगाची माहिती. पिवळ्या काठाची जी जात आहे तिचे पान कापून लावले तर नवीन रोप येते, पण पिवळा काठ जातो, रोप साधे हिरवे निघते. काठ टिकवायचा असेल तर फुटवा वेगळा करणे हाच मार्ग. उलट स्पायडर प्लांटला लांब दांड्यावर पिल्ले लोंबतात. ती तोडून लावली की झाले, मूळ झाड फोडण्याचा खटाटोप कशाला? मनी प्लांटही फोडायचा नसतो, गाठ असलेला वेलाचा तुकडा लावायचा असतो. आणि तो चोरून आणला तरच पैसा येतो हे जे सांगतात, त्यांनी शेजाऱ्याकडे मागून पाहावे. तो आनंदाने देतो आणि रोप तसेच वाढते. पैशाचे विचाराल तर तो कोणत्याच वेलाने येताना मी पाहिला नाही. वास्तूची दिशा, अमुक वार वगैरे बघून कुंडी हलवणारेही आहेत. झाडाला उजेड कुठून येतो एवढी एक दिशा कळते.

मातीचा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा. विदर्भाची काळी माती शेतात कापसाला सोने, पण कुंडीत शत्रू. ओली झाली की फुगून लोण्यासारखी होते, हवा जाऊ देत नाही. सुकली की आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते, फट पडते आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. आपण समजतो झाडाने पिले. गोळा आत कोरडाठाक असतो. म्हणून घराजवळची माती उकरून भरू नये. दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडी रेती, हे मिश्रण बहुतेकांना चालते. कोकोपीट मिळत असेल तर पीस लिलीसाठी थोडे घालावे. स्नेक प्लांट आणि झेडझेडसाठी रेतीचे प्रमाण जवळजवळ निम्मे करावे. शेजारी बांधकाम चालू असेल तर तिथून टोपलीभर कन्हानची रेती मागून आणता येते, ती धुऊन घ्यावी. तळाशी भोकावर खापराचा एक तुकडा पुरे. खाली गिट्टीचा जाड थर दिला की निचरा चांगला होतो असा समज आहे, तो बरोबर नाही. पाणी बारीक मातीतून जाड गिट्टीत सहज उतरत नाही, थराच्या वरच अडून राहते. त्यामुळे ओल मुळांच्या अधिक जवळ येते आणि मातीची जागाही वाया जाते.

नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंच मोठी, त्याहून अधिक नाही. फोडलेल्या भागाला तर पुष्कळदा जुनीपेक्षा लहानच कुंडी लागते. एका कार्यालयात साहेबांच्या दालनासाठी मोठमोठ्या चकचकीत कुंड्या आणून त्यांत वीतभर रोपे लावली होती. दिसायला भारदस्त. पण एवढ्या ओल्या मातीतले पाणी पिणार कोण? पावसाळा संपेपर्यंत कुंड्या राहिल्या, रोपे गेली.

लावल्यानंतर एकदा चांगले पाणी द्यावे आणि मग वरची माती बोटाच्या पेरभर सुकेपर्यंत थांबावे. हा नियम पीस लिली, ऍग्लोनिमा यांचा, स्नेक प्लांटचे वर सांगितलेच आहे. पीस लिली चार-आठ दिवस मान टाकते. घाबरून पाणी वाढवू नये. माती ओली आहे आणि पाने लोळली आहेत, याचा अर्थ मुळे अजून कामावर रुजू झालेली नाहीत. सावलीत, छज्जाखाली, पावसाचा मार थेट लागणार नाही असे ठेवावे. महिना-दीड महिना खत देऊ नये. नवे पान उलगडले की समजावे, मुळांनी पकड घेतली.

कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नये. एक तर मुळे कुजतात, आणि दुसरे म्हणजे डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडू लागतो. आठवड्यातून एकदा थाळ्या रिकाम्या करून घासाव्यात, नुसते पाणी ओतून दिले तर काठाला चिकटलेली अंडी तशीच राहतात. तसेच पीस लिली, मनी प्लांट, डायफेनबेकिया, ऍग्लोनिमा यांच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. फोडताना हाताला खाज सुटते, आणि लहान मुलाने पान चावले तर तोंड, जीभ सुजते. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कापलेले तुकडे रांगत्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

काही जण झाडे फोडून प्रत्येक खोलीत एक ठेवतात, हवा शुद्ध होते म्हणून. ही समजूत अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ सालच्या अहवालावरून पसरली. तो प्रयोग लहान बंद पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये अशा सर्व प्रयोगांचा फेरविचार झाला, तेव्हा असे दिसले की खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याची बरोबरी करायला एका चौरस मीटरला निदान दहा झाडे लागतील. खिडकी उघडणे स्वस्त पडते. झाड हिरवे दिसते, मन प्रसन्न होते, एवढे कारण मला पुरेसे वाटते. तेवढ्यासाठी ते फोडायला नको.

अरेका पामविषयी दोन पत्रे आली आहेत. नर्सरीतून आणलेल्या कुंडीत आठ-दहा खोडे दिसतात, म्हणून ती वेगळी करून आठ कुंड्या करता येतील का, असे विचारले आहे. करू नये. नर्सरीवाले एका कुंडीत बऱ्याच बिया टाकून तो दाट करतात, आणि पुढे त्याला बुडातून फुटवेही येतात. त्याची मुळे एकमेकांत अशी गुंततात की सोडवताना निम्मी तुटतात, आणि ताडवर्गातल्या झाडाला ही मोडतोड लवकर भरून काढता येत नाही. वेगळी केलेली खोडे महिना-दोन महिने हिरवी दिसतात, मग एक एक करून वाळतात. कुंडी फारच भरली असेल तर गोळा न मोडता, आहे तसा, जुलैत दोन इंच मोठ्या कुंडीत सरकवावा. तेही दोन-तीन वर्षांतून एकदा.